मागच्या एक्सलचं फुल-फ्लोटिंग रूपांतर: ओझं कुठून कुठे जातं आणि काम कुठे फसतं

मोठ्या मालट्रकच्या मागच्या चाकाकडे जरा जवळून बघा. चाकाच्या मधोमध हबचं तोंड बाहेर आलेलं दिसतं आणि त्यावर बोल्टांचं एक लहान वर्तुळ असतं. चाकाचे नट वेगळे, हे बोल्ट वेगळे. हे आतले बोल्ट काढले की अख्खा एक्सल शाफ्ट बाहेर ओढून काढता येतो. त्यासाठी ट्रक जॅकवर घ्यावा लागत नाही, माल उतरवावा लागत नाही आणि चाकालाही हात लावावा लागत नाही. हा फुल-फ्लोटिंग एक्सल. साध्या पिकअपमध्ये किंवा हलक्या फोर-बाय-फोरमध्ये असं होत नाही. तिथे चाक ज्या फ्लँजवर बसतं ती फ्लँज शाफ्टचाच भाग असते, म्हणजे गाडी त्या शाफ्टवरच उभी असते. हा सेमी-फ्लोटिंग एक्सल.

ऑफ-रोड गाडीचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंगचा फुल-फ्लोटिंग करतात, तेव्हा खरा बदल एवढाच असतो: गाडीचं वजन फिरणाऱ्या शाफ्टवरून काढून न फिरणाऱ्या नळीवर, म्हणजे स्पिंडलवर टाकायचं. पुढची सगळी कापाकापी आणि वेल्डिंग यासाठीच. म्हणून हे काम शाफ्टचं आहे असं समजून हात घातला की गणित चुकतं. हे काम स्पिंडलचं आहे.

शाफ्ट काय काय सोसतो

सेमी-फ्लोटिंग शाफ्टवर दोन वेगळे भार एकाच वेळी असतात. एक पीळ, म्हणजे इंजिनाचा टॉर्क. दुसरा बाक, म्हणजे वजनामुळे आणि बाजूच्या धक्क्यांमुळे शाफ्ट वाकवणारा जोर.

आधी पीळ. इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ४, लो रेंज (कमी वेगाचा जादा गिअर) २.५ आणि क्राउन-पिनियन (एक्सलमधली शेवटची गिअरजोडी) ४.१ धरा. गुणाकार १०,२५० न्यूटन-मीटर होतो. एरवी तो चाकांमध्ये वाटला जातो आणि टायर घसरला की आपोआप मर्यादा येते. पण लॉकर (दोन्ही चाकांत जोर वाटणारं डिफरन्शियल बांधून टाकणारा भाग) लावलेला आहे आणि एकच चाक दगडांच्या फटीत घट्ट अडकलं आहे, अशा वेळी त्यातला मोठा हिस्सा एकट्या शाफ्टवर जाऊ शकतो.

आता बाक. एका चाकावर ७०० किलो, म्हणजे साधारण ६,९०० न्यूटन. टायरची मध्यरेषा बेअरिंगपासून ९० मिलिमीटर बाहेर असेल तर नुसत्या उभ्या गाडीचा बाक सुमारे ६२० न्यूटन-मीटर. ३५ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टमध्ये त्याने साधारण १५० मेगापास्कल ताण येतो. हे चालण्यासारखं आहे. पण घसरता टायर आडव्या दगडावर आपटला आणि ५,००० न्यूटनचा आडवा जोर आला, तर टायरची ०.४२ मीटर त्रिज्या तरफेसारखी काम करते आणि बाक २,१०० न्यूटन-मीटरवर जातो. ताण ५०० मेगापास्कलच्या आसपास, तोही पीळ न धरता.

त्यात शाफ्ट फिरतो. त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. एवढ्या टायरचे किलोमीटरला सुमारे ३८० फेरे होतात, म्हणजे १०,००० किलोमीटरमध्ये ३८ लाख वेळा उलटसुलट ताण. लोखंडी तार पुढेमागे वाकवून तोडतो तसंच, फक्त सावकाश. अशा थकव्याने तुटलेल्या शाफ्टचं तोंड ओळखता येतं. काठापासून आत सरकत गेलेल्या, शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा दिसतात आणि उरलेला भाग खरबरीत, दाणेदार असतो. तो एका झटक्यात गेलेला भाग. नुसत्या पिळाने गेलेला शाफ्ट वेगळा दिसतो. त्याच्या स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या लांब खाचा, दोरीसारख्या पिळलेल्या असतात.

हा फरक पैसे खर्च करण्याआधी बघावा, कारण फुल-फ्लोटिंगने पहिला प्रकार बंद होतो, दुसरा नाही. शाफ्ट पिळाने तुटत असेल आणि त्याच जाडीचा शाफ्ट फुल-फ्लोटिंगमध्ये टाकला, तर तो पुन्हा पिळानेच तुटेल. तिथे जाडी वाढवावी लागते. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ३० स्प्लाइनचा ३३.३ मिलिमीटरचा शाफ्ट काढून ३५ स्प्लाइनचा ३८.१ मिलिमीटरचा टाकला तर तेवढ्याच दर्जाच्या पोलादात सुमारे दीडपट ताकद मिळते. मात्र डिफरन्शियलचे साइड गिअरही ३५ स्प्लाइनचे लागतात, म्हणजे बहुधा नवा लॉकर.

मग फायदा काय? शाफ्ट तुटला तरी चाक गाडीलाच राहतं. सी-क्लिपवर (डिफरन्शियलच्या आत शाफ्ट धरून ठेवणाऱ्या कडीवर) अडकलेल्या सेमी-फ्लोटिंग शाफ्टचा तुकडा पडला की चाक शाफ्टच्या उरलेल्या भागासकट बाहेर सरकतं, आणि उतारावर याचा अर्थ काय ते सांगायला नको. प्रेस केलेल्या बेअरिंगवर अडकणारा शाफ्ट थोडा बरा, पण तोही बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक जातंच. आमच्या मते या बदलाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. ताकदीचा विचार नंतर.

आधी हा प्रश्न सोडवा

३१-३३ इंची टायर, उघडं (लॉकर नसलेलं) डिफरन्शियल आणि माफक सामान असेल तर चांगल्या स्थितीतला सेमी-फ्लोटिंग एक्सल पुरतो. ३५ इंच आणि त्यापुढचे टायर, लॉकर, मागे कायमचं वजन, एकट्याने लांबचा प्रवास, अशा गोष्टी जमायला लागल्या की बदलाचा विचार करावा.

तेव्हाही कापाकापीऐवजी कारखान्यातूनच फुल-फ्लोटिंग आलेला अख्खा एक्सल मिळतो का बघा. जुनी लँड रोव्हर डिफेंडर, टोयोटा लँड क्रूझरची जड मॉडेलं, डाना ६० आणि जनरल मोटर्सचा १४-बोल्ट यांचे मागचे एक्सल बहुतेक या प्रकारचे असतात. बहुतेक, सगळे नाहीत. डाना ६० मध्येही सेमी-फ्लोटिंग नग आहेत. घेण्याआधी हबच्या तोंडावरचे बोल्ट डोळ्यांनी बघा. असा एक्सल रुंदीला, डिफरन्शियलच्या बाजूला आणि गिअरच्या गुणोत्तराला जुळत असेल तर फक्त स्प्रिंगच्या बैठका आणि लिंकचे (एक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) कंस वेल्ड करायचे राहतात. तुमच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचात, आधीच चांगला लॉकर आणि हवं ते गुणोत्तर असेल, तरच रूपांतर परवडतं.

लागणारे भाग

दोन स्पिंडल, दोन हब, प्रत्येक हबला दोन टेपर रोलर बेअरिंग (आतलं मोठं, बाहेरचं लहान) त्यांच्या बाहेरच्या कड्यांसकट, आतल्या बाजूचं ऑइल सील, दोन स्पिंडल नट आणि मधला लॉक वॉशर, दोन ड्राइव्ह फ्लँज, दोन नवे शाफ्ट, डिस्क, कॅलिपर आणि कॅलिपरचे कंस. बहुतेक किटमध्ये हब आणि बेअरिंग एखाद्या ओळखीच्या गाडीच्या पुढच्या सॉलिड एक्सलचे असतात. हे सोयीचं आहे. सील आणि बेअरिंग कुठेही मिळतात, आणि नट कसण्याचे आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेले असतात.

स्पिंडल दोन तऱ्हांनी बसतं. एका प्रकारात ते थेट नळीला वेल्ड करतात. दुसऱ्यात नळीच्या टोकाला फ्लँज वेल्ड होते आणि स्पिंडल तिच्यावर बोल्टने बसतं. दुसरा प्रकार घ्या. फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये वजनाची सगळी तक्रार स्पिंडलच्या आतल्या बेअरिंगच्या खांद्याजवळ येते, आणि जबर मार बसला तर ते तिथेच वाकतं. बोल्टने बसलेलं स्पिंडल तासाभरात बदलता येतं. वेल्ड केलेलं कापावं लागतं आणि सगळं संरेखन पुन्हा करावं लागतं.

कापण्याआधीची मापं

मूळ माप एकच: एका चाकाच्या बैठकीपासून दुसऱ्या चाकाच्या बैठकीपर्यंतचं अंतर. जुनं एक्सल जोडलेलं असतानाच ते घ्या आणि हाउसिंगवर पक्क्या मार्करने लिहून ठेवा. नव्या हबमध्ये चाकाची बैठक स्पिंडलच्या फ्लँजपासून किती बाहेर येते ते हब, बेअरिंग आणि डिस्क कोरडं जोडून मोजा. दोन्ही बाजूंचं हे माप एकूण रुंदीतून वजा केलं की नळीची लांबी मिळते. पिनियन मध्यावर नसतो, म्हणून डावी आणि उजवी नळी वेगळी भरते. कॅटलॉगमधल्या मापावर कापू नका.

याच वेळी ऑफसेट तपासा. चाक लावल्यावर टायरची मध्यरेषा दोन बेअरिंगांच्या मध्ये पडली पाहिजे. मग दोन्ही बेअरिंग भार वाटून घेतात. जाड स्पेसर टाकून चाक बाहेर काढलं तर रेषा बाहेरच्या, लहान बेअरिंगच्याही पलीकडे जाते आणि ज्या बाकापासून सुटका हवी होती तो स्पिंडलवर परत येतो.

चाकाचं मधलं भोकही बघून ठेवा. फुल-फ्लोटिंग हबचं नाक चाकातून बाहेर येतं. टोयोटाच्या सहा बोल्टांच्या हबला १०६ मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं. लहान भोकाची रिम बसत नाही, आणि हे बहुतेकांना सगळं जोडून झाल्यावर कळतं.

सरळ रेषा

आता सगळ्यात नाजूक भाग. दोन्ही स्पिंडल आणि डिफरन्शियलची बेअरिंग एकाच सरळ रेषेत हवीत. ही रेषा डोळ्यांनी साधत नाही, आणि नळीच्या बाहेरच्या अंगावर पट्टी लावूनही साधत नाही, कारण कारखान्यातून आलेली जुनी नळी बहुधा थोडी वाकलेलीच असते.

त्यासाठी संरेखनाची दांडी लागते. डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या जागी दोन खरादलेल्या चकत्या बसवून कॅप कसायच्या. डिफरन्शियलचा डबा समोरून बाहेर येणाऱ्या हाउसिंगमध्ये रिकामा डबा बोल्ट करून त्यात या चकत्या बसवतात. दोन्ही स्पिंडलच्या तोंडातही अशाच चकत्या. या सगळ्यांतून ग्राइंड केलेली जाड, सरळ दांडी आरपार जाते. हाताने फिरली आणि हाताने सरकली तर रेषा बरोबर.

स्प्रिंगच्या बैठका, शॉकचे कंस, लिंकचे कान, ट्रस (नळीला मजबुती देणारी वरची चौकट) असेल तर तोही, हे सगळं स्पिंडलच्या फ्लँजच्या आधी वेल्ड करून घ्या. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. आधी स्पिंडल सरळ बसवून नंतर वर ट्रस वेल्ड केला तर नळीची टोकं वर उचलली जातात आणि पहिली मेहनत वाया जाते.

फ्लँज बसवताना कॅलिपरचा कंस कुठे येईल ते ठरवून ती फिरवून घ्या. मग घड्याळाच्या १२, ६, ३ आणि ९ वर टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारा. दांडी फिरवून बघा. नंतर २५-३० मिलिमीटरचे तुकडे, नेहमी समोरासमोर: वर एक, खाली एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. प्रत्येक जोडीनंतर थांबा. नळीवर हात ठेवता आला की पुढचा टाका. प्रत्येक वेळी दांडी फिरवा. जड लागायला लागली तर ज्या बाजूला ओढ आहे तिच्या समोर पुढचा टाका द्या. पाणी ओतून थंड करू नका, वेल्डशेजारचं पोलाद ठिसूळ होतं.

अर्थिंगची क्लिप नळीवर, वेल्डच्या जवळ. बेअरिंग बसवलेलं असताना कधीही वेल्डिंग नको. करंट रोलरमधून गेला तर कड्यावर बारीक जळके ठिपके पडतात आणि ते बेअरिंग काही दिवसांतच आवाज करायला लागतं. स्पिंडलच्या बैठकी आणि आटे ओल्या फडक्याने झाका. वेल्डिंगचा एक थेंब बैठकीवर पडला तर तिथे बेअरिंग कधीच सरळ बसत नाही.

सगळं गार झाल्यावर दांडी हाताने बाहेर निघाली पाहिजे. हातोडी मारून काढावी लागत असेल तर हाउसिंग वाकडं झालं आहे, ते प्रेसखाली सरळ करा. ‘चालून जाईल’ म्हणून सोडलेला वाकडेपणा नंतर तीन ठिकाणी निघतो: आतल्या स्प्लाइन झिजतात, नळीतलं सील गळतं आणि ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट ढिले होत राहतात.

शाफ्टची लांबी

नवे शाफ्ट मागवायचे ते वेल्डिंग पूर्ण झाल्यावर, डिफरन्शियल आणि हब जागेवर कसून मोजल्यावरच. दोन्ही टोकांना स्प्लाइन असलेला शाफ्ट असेल तर त्याला आतबाहेर २-३ मिलिमीटर मोकळीक हवी. लांब झाला तर तो डिफरन्शियलच्या मधल्या पिनवर टेकतो, आणि फ्लँजचे बोल्ट कसले की तोच दाब बनतो. आखूड झाला तर स्प्लाइनची पकड कमी पडते. साइड गिअरमध्ये शाफ्टच्या व्यासाइतकी तरी पकड हवी. ३५ मिलिमीटरच्या शाफ्टला ३५ मिलिमीटर.

चांगल्या शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या तळापेक्षा किंचित बारीक खरादलेला असतो. हा दोष समजू नका. बारीक भाग लांबवर सारखा पिळतो आणि झटका मुरवतो, नाहीतर सगळा पीळ स्प्लाइन संपतात त्या एका कडेवर साठतो.

मूळ एक्सल सी-क्लिपचा असेल तर आता क्लिप लागत नाही. मात्र काही लॉकर क्लिप असलेल्या शाफ्टच्या टोकांचा आधार धरून बनवलेले असतात. तुमचा त्यातला नाही ना, हे लॉकरच्या कागदपत्रांत बघून घ्या.

बेअरिंग कसणं

बेअरिंगची कडी हबमध्ये तळाला टेकेपर्यंत बसवा. ठोकण्याचा आवाज बोदा न राहता टणक झाला की समजावं. बेअरिंगच्या पिंजऱ्यात ग्रीस तळहातावर दाबून, रोलरच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरा. नुसतं बाहेरून फासलेलं ग्रीस काही किलोमीटरच टिकतं. हबची पोकळी अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. ग्रीस तापून फुगतं आणि सील ढकलतं.

हब चढवून आतला नट ६० न्यूटन-मीटरच्या आसपास कसा, आणि कसताना हब सतत दोन्ही दिशांना फिरवत राहा. न फिरवता कसलं तर रोलर तिरके बसतात आणि घट्टपणा खोटा असतो. मग नट पूर्ण ढिला करून पुन्हा हलका लावा. किती हलका, हे हब कुठल्या गाडीचा त्यावर आहे. लँड क्रूझर घराण्यातल्या हबला थोडा दाब ठेवतात आणि तो चाकाच्या स्टडला स्प्रिंगचा काटा अडकवून, हब ओढून मोजतात. डाना ६० घराण्यात उलट, ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर मोकळीक ठेवतात आणि ती डायल गेजने मोजतात. एकाचे आकडे दुसऱ्याला लावले की बेअरिंग निळं पडतं किंवा चाक डुलतं.

नंतर लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि बाहेरचा नट कसल्यावर पुन्हा मोजणी, कारण त्याने आतला नट आट्यांच्या फटीइतका आत दाबला जातो. शेवटी वॉशरचा कान नटाच्या सपाट बाजूवर वाकवा. न वाकवलेल्या कानामुळे सैल झालेला नट हे या एक्सलचं नेहमीचं दुखणं आहे. जुना वॉशर पुन्हा वापरू नका. आणि नट छिन्नी-हातोडीने फिरवू नका. टोयोटाच्या जुन्या पुढच्या हबला ५४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो, तो घेऊन ठेवा.

ग्रीस की तेल

काही हब नळीतून येणाऱ्या डिफरन्शियलच्या तेलावरच चालतात, काही ग्रीसवर. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, मिसळण मात्र वाईट. ग्रीसच्या हबमध्ये नळीच्या आतलं सील गळलं तर तेल ग्रीस धुऊन काढतं, मग मागचं सील जातं आणि ते पातळ मिश्रण ब्रेकच्या डिस्कवर पोचतं. ग्रीसचा हब असेल तर नळीतलं सील चांगलं घ्या, आणि ज्या जागी ते शाफ्टवर घासतं तो पट्टा गुळगुळीत आहे ना बघा. त्याबरोबर हाउसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) मोकळा ठेवून त्याची नळी उंच न्या. बंद ब्रीदरमुळे गरम हवेचा दाब तेल सीलबाहेर ढकलतो, आणि तापलेला एक्सल थंड पाण्यात उतरला की त्याच वाटेने पाणी आत ओढलं जातं.

ब्रेकबद्दल थोडक्यात. ड्रम जाऊन डिस्क आली की पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बदलतं. मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो. हँडब्रेक असलेला कॅलिपर घ्या. एबीएस असेल तर सेन्सरचं दातेरी चक्र नव्या हबवर बसण्याची सोय आधी ठरवा.

ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट दोन्ही पृष्ठभाग रंग आणि तेल पुसून, टॉर्क रेंचने कसा. पीळ मुख्यतः दोन पृष्ठभागांच्या घर्षणातून जायला हवा. बोल्ट कातरले जाऊ नयेत म्हणून काही हबमध्ये डॉवेल किंवा शंकूसारखे वॉशर असतात, ते विसरून जोडणी करू नका. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर हे बोल्ट तपासा. पहिल्या फेरीत दर २०-३० किलोमीटरला थांबून दोन्ही हबना हात लावा. कोमट ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला नट जास्त कसला आहे किंवा ब्रेक धरून बसला आहे.

वाटेत शाफ्ट तुटला तर

बोल्ट काढायच्या आधी चाकांना दगड लावा, दोन्ही बाजूंनी. उघड्या डिफरन्शियलमध्ये एक शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी मागच्या चाकांवर धरून राहत नाही. दुसरं चाक फिरायला मोकळं होतं. हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असलेल्या गाडीत तोही उपयोगाचा राहत नाही.

मग बाहेरचा तुकडा ओढून काढा. आतला तुकडा लांब दांडीच्या लोहचुंबकाने निघतो का बघा. अडकला असेल तर दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून तिकडून ढकलता येतो, पण मधे पिन असेल तर ते जमत नाही. पोलादाचे बारीक कण आत राहिले तर क्राउन-पिनियन खातात, म्हणून शक्य तेवढं पुसून घ्या. जादा शाफ्ट सोबत असेल तर अर्ध्या तासात गाडी पुन्हा चालू. डावा-उजवा वेगळ्या लांबीचे असल्याने दोन्ही बाळगावे लागतात. नसेल तर हबच्या तोंडावर झाकण बोल्ट करा. ते पत्र्याचं आणि रबराच्या गास्केटचं घरीच कापून ठेवता येतं. फोर-व्हील ड्राइव्ह लावा, सेंटर डिफरन्शियल असेल तर ते लॉक करा, आणि पुढच्या चाकांच्या जोरावर हळूहळू बाहेर पडा.